अडीच गाणी

आमच्या हॉलमध्ये घड्याळ नव्हतं. भिंतीवर खिळा होता, खिळ्याभोवती घड्याळाएवढा गोल पांढरट डाग होता, पण घड्याळ नव्हतं. नव्या साहेबांनी ते पहिल्याच आठवड्यात उतरवलं. म्हणाले, "तुमचं अर्धं लक्ष काट्यांकडे असतं." मनगटावरची घड्याळं आधीपासूनच बंद होती, कारण गरम रोलरजवळ हातात धातू नको. बांगड्या, अंगठ्या, घड्याळं सगळं कपाटात. फोनही कपाटात. वेळ सांगणारं एकच, साहेबांच्या खोलीतलं घंटेचं बटण.

काम चादरींचं. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुऊन ओल्या यायच्या. आम्ही बारा बायका आणि चार रोलर. दोघींनी चादरीचे कोपरे ताणून रोलरमध्ये द्यायचे, पलीकडून ती कडक आणि चटका देणारी बाहेर आली की तिसरीने घडी घालायची. सकाळी आठ ते बारा, मग अर्धा तास डबा खायला, मग साडेबारा ते चार.

साहेबांना आम्ही कॉलरसाहेब म्हणायचो, अर्थात पाठीमागे. त्यांची कॉलर इतकी ताठ असायची की मान वळवायची झाली तर ते अख्खेच वळायचे. आमच्यातली ठेंगणी म्हणायची, हा माणूस शर्ट हँगरसकट घालत असणार.

त्या रिकाम्या खिळ्यावर मी माझं डबडं टांगलं.

डबडं म्हणजे गाणी वाजवायचं यंत्र. साबणाच्या डबीएवढं. पुढे जाळी, वर तीन बटणं, कडेला नखाएवढं कार्ड घालायची फट. त्याला पडदा नाही, इंटरनेट नाही. ते काही विचारत नाही, मध्येच जाहिरात ऐकवत नाही. रात्रभर चार्ज करा, दिवसभर गाईल. माझा मुलगा म्हणायचा, "आई, आता फोनवर जगातली सगळी गाणी मिळतात." मी म्हणायचे, "मला जगातली नकोत, माझी हवीत." शिवाय फोन कपाटात. साहेबांनी डबडं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भुवया चढवल्या होत्या. पण त्या आठवड्यात चादरी जास्त निघाल्या, तेव्हा भुवया आपोआप खाली आल्या.

गाणी भरायला मी चौकातल्या गाणीवाल्याकडे जायचे. एक टेबल, एक कॉम्प्युटर, मागे वायरींचं जंगल. कार्ड द्यायचं, तो भरून द्यायचा. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. आकडे यायचे, चादरी मोजाव्या लागतात ना. अक्षरांशी कधी गाठच पडली नव्हती. एकदा त्याने पाचशे गाणी म्हणून कार्ड दिलं आणि त्यात एकच गाणं सात वेळा निघालं. मी भांडायला गेले.

"मावशी, सातही वेगळी आहेत. नावं बघा ना," असं म्हणून त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. मला वाचता येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी स्क्रीनकडे बघितलं, कळल्यासारखी मान हलवली आणि घरी आले. राग आला तो त्याचा कमी, माझ्या त्या मान हलवण्याचा जास्त.

माझी सून औषधांच्या दुकानात काम करते. तिला म्हटलं, "मला वाचायला शिकव."

"एकदम असं? कशासाठी, आई?"

"एकाची मान धरायचीय."

मी एकोणसाठ वर्षांची होते. सुनेने औषधांच्या रिकाम्या खोक्यांवर मला शिकवलं, त्यामुळे मी आयुष्यात वाचलेलं पहिलं अख्खं वाक्य 'लहान मुलांपासून दूर ठेवा' हे आहे. आठ महिने लागले. मग गाणीवाल्याकडे गेले, स्क्रीन स्वतःच माझ्याकडे वळवली आणि बोट ठेवून म्हटलं, "हे, हे आणि हे. तेच नाव आहे, पुढे नुसते आकडे चिकटवलेस. काढ."

त्याने आधी बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मावशी, तुम्ही वाचायला कधीपासून लागलात?"

"तू लबाडी करायला लागलास तेव्हापासून."

त्या दिवसापासून त्याने मला खुर्ची दिली आणि माऊसही. माझं कार्ड मीच भरायचं. आणि ते काम वाटतं तेवढं सोपं नाही. हे असलं डबडं नाव बघून गाणी वाजवत नाही. ज्या क्रमाने कार्डात घालाल त्या क्रमाने वाजवतं. सगळी एकदम ढकलली की त्याच्या मनाला येईल तसं. म्हणून मी एकेक गाणं उचलून घालायचे, एक गेलं की मग दुसरं. नावंही बदलून टाकली. हॉलमध्ये आम्ही गाण्यांना आमची नावं ठेवली होती, तीच लिहिली. शिट्टीवालं. रडूबाई. नवराबायकोचं भांडण. एकात सुरुवातीला सायकलची घंटी वाजते, ते सायकलवालं.

बायकांची एक तक्रार होती. तेच गाणं दिवसात दोनदा आलं की त्या कावायच्या. त्यातही सासूबाई. ही कोणाची खरी सासू नव्हती, लग्नच केलेलं नव्हतं तिने. पण प्रत्येक घडीत खोट काढायची, म्हणून ते नाव पडलं. ती म्हणाली, "मावशी, तुझी रडूबाई सकाळी रडते, दुपारी पण रडते. एकदाच काय ते रडायला सांग."

मी घरी हे सांगितलं तेव्हा सूनबाईने फोनवर हिशेब मांडला. "आई, दुपारचे साडेतीन तास म्हणजे दोनशेदहा मिनिटं. मी तेवढीच मिनिटं भरतील अशी गाणी निवडून देते. साडेबाराच्या घंटेला बटण दाबा. शेवटचं संपलं की चार वाजले समजा." सकाळच्या चार तासांची तशीच वेगळी यादी केली आणि कार्डात दोघींचे दोन कप्पे केले. सकाळची बावन्न गाणी, दुपारची पंचेचाळीस. दुपारी शेवटी सायकलवालं, कारण त्यात माणूस घरी जात असतो.

पहिल्या दिवशी सायकलवाला घरी पोचला आणि घंटा झाली नाही. डबडं दुपारच्या कप्प्यातल्या पहिल्या गाण्यापासून पुन्हा सुरू झालं. शिट्टीवालं अख्खं झालं. भांडण अख्खं झालं. रडूबाई अर्धी रडून झाली तेव्हा कुठे घंटा वाजली.

मी म्हटलं, सुनेचा हिशेब चुकला असेल. सुट्टीच्या दिवशी दोघींनी ओट्यावर डबडं ठेवलं, भिंतीवरच्या घड्याळावर बरोबर साडेबारा वाजता बटण दाबलं आणि घरची कामं करत राहिलो. चार वाजायला आणि सायकलवालं संपायला एकच गाठ पडली.

"मग तुमची घंटा उशिरा होते, आई," सून म्हणाली.

"रोज?"

"रोजच बघा ना."

रोज बघितलं. सहा दिवस. कधी दोन गाणी, कधी पावणेतीन, बहुतेक वेळा अडीच. अकरा-बारा मिनिटं. दुपारच्या सुट्टीला साहेबांना असं करता येत नव्हतं. डब्याच्या खोलीत जाताना आम्ही फोन काढून घ्यायचो, तिथे लबाडी लगेच उघडी पडली असती. पण संध्याकाळी हात धुवायला दोनच नळ, मग कपडे बदलणं, मग कपाटापुढे रांग. फोन हातात यायचा तेव्हा साडेचार होत आलेले असायचे आणि आम्ही एकमेकींना म्हणायचो, किती गं वेळ लावतेस तू. चार वर्षं आम्ही त्या नळावरून भांडत होतो. घड्याळ उतरवलं त्यालाही चारच वर्षं झाली होती.

गाणीवाल्याने स्क्रीन वळवली तेव्हाही जेवढा राग आला नव्हता तेवढा हे कळल्यावर आला. दिवसाची अडीच गाणी. ठेंगणीचं पोर पाळणाघरात शेवटचं उरायचं, दाराशी चपला घालून बसलेलं. कोणाची गाडी चुकायची, कोणाच्या घरी आजारी माणूस वाट बघायचं. आणि आम्ही नळाला शिव्या देत होतो.

मी बाकीच्या अकरा जणींना सांगितलं आणि साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"साहेब, चारची घंटा अकरा मिनिटं उशिरा होते."

"कोण म्हणतं?"

"माझी गाणी म्हणतात."

ते खुर्चीसकट वळले. "मावशी, ते खेळणं आहे. त्याच्यावर वेळ बघतात का कोणी?"

"घड्याळ तुम्ही उतरवलंत. मग जे आहे त्याच्यावर बघायचं."

"घंटा बरोबर आहे. कामाला लागा."

"ठीक आहे. परवा आमचं शेवटचं गाणं संपलं की आम्ही रोलर बंद करणार. तुम्ही घड्याळ घेऊन या. आम्ही चुकलो तर काय करायचं ते करा."

हे बोलून मी आले, आणि इथे माझ्या हातून एक चूक झाली. परवा सगळ्यांसमोर डबडं वाजणार, तर ते कसं स्वच्छ वाजायला पाहिजे. दुपारच्या यादीतली सहा गाणी जुनी होती, खरखर करायची. कार्डही घासून गुळगुळीत झालेलं, मध्येच अडकलं तर फजिती. मी गाणीवाल्याकडे जाऊन नवं कार्ड घेतलं. त्याला खरखरीचं सांगितलं. तो आता माझ्याशी फार चांगला वागायचा. म्हणाला, "मावशी, ह्या सहांच्या एकदम काचेसारख्या साफ प्रती आल्यात. फुकट देतो." मी घेतल्या, त्यांना आमची नावं दिली, एकेक करून सत्त्याण्णवच्या सत्त्याण्णव क्रमाने घातली. मग सगळी नावं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. सहाही नवी गाणी सुरू करून बघितली. सुरुवात तीच, आवाज कसा चकचकीत. मान ताठ करून घरी आले. मला वाचता येत होतं ना! जे लिहिलंय ते बरोबर आहे, म्हणजे सगळं बरोबर आहे, असं मला वाटलं. ज्याला जन्मभर वाचता येतं तो कदाचित असं समजत नाही. मी समजले.

तो दिवस उजाडला. दुपारी साडेबाराच्या घंटेला मी बटण दाबलं. बायका इतक्या गप्प की रोलरची घरघर मोठी वाटत होती. मध्ये एकदा ठेंगणी म्हणाली, "आज गाणी पटापट जातायत नाही?" सासूबाई म्हणाली, "तुझे हात पटापट चालव." सायकलवालं लागलं. संपलं. आम्ही बाराही जणींनी रोलरवरून हात काढले. मी स्वतः चारही रोलरची बटणं बंद केली.

कॉलरसाहेब दारातच उभे होते. खिशातून घड्याळ काढलं, आधी स्वतः बघितलं, मग हसले. मग ते माझ्या डोळ्यांसमोर धरलं.

चारला नऊ मिनिटं कमी होती.

"काय मावशी? तुमची गाणी काय म्हणतात?"

ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नऊ मिनिटं आधी काम सोडलंत. बाराही जणींचं नाव आज वहीत जाईल. पुन्हा झालं तर घरी बसायचं. आणि ते डबडं उद्यापासून ह्या भिंतीवर दिसलं, तर मावशी, तुम्ही ह्या दारात दिसणार नाही." मग आम्हाला रोलर पुन्हा चालू करायला लावले. त्या दिवशी घंटा किती वाजता झाली ते विचारू नका. मोजायला काही उरलं नव्हतं.

नळाशी कोणी भांडलं नाही. सासूबाईने तेवढं विचारलं, "मावशी, तू खरंच घड्याळ लावून मोजलं होतंस, की सुनेने सांगितलं आणि तू मान हलवलीस?"

ते मला लागलं. फारच लागलं, कारण मान हलवणं म्हणजे काय ते मला माहीत होतं.

घरी गेले ती तडक सुनेसमोर डबडं आपटलं. ती चिडली नाही. ती गाणं लावायची, मी जुन्या आठवणीने सोबत म्हणायचे. पहिल्या चकचकीत गाण्यात मी तिसरं कडवं म्हणायला लागले आणि गाणं संपलं. मी एकटीच गातेय.

"आई, तिसरं कडवं गेलं कुठे?"

दुसऱ्यात मधली बासरीच नव्हती. सहाही गाणी कापलेली. प्रत्येकातून दीड मिनिट गेलेलं. सहा दीडे नऊ.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटले ती थेट गाणीवाल्यापुढे उभी राहिले. त्याला खरंच कळेना मी एवढी का तापलेय. "मावशी, हल्ली एवढं लांब कोण ऐकतं? लोक अर्ध्यातच पुढे ढकलतात. म्हणून छोटी करून ठेवतात. सगळ्यांना चालतात."

"मला नाही चालत. ज्याने गायलं त्याने तीन कडवी गायली. तू कोण ती कापणारा, आणि तो साहेब कोण?"

"साहेब कोणता?"

"तुला नाही कळायचं. बारा कार्डं काढ."

जुनं घासलेलं कार्ड मी फेकलं नव्हतं. त्यातली सहा गाणी त्यांच्या खरखरीसकट परत घेतली. मग बारा कार्डं भरली, फक्त दुपारची पंचेचाळीस गाणी, प्रत्येक कार्डात एकेक करून. चार संध्याकाळी मी त्या खुर्चीवर होते. गाणीवाला शेवटी स्वतः शेजारी बसला आणि नावं वाचून दाखवायला लागला, म्हणजे माझे डोळे फक्त माऊसवर राहतील. "शिट्टीवालं. झालं. नवराबायकोचं भांडण. झालं. मावशी, ह्या गाण्याचं खरं नाव हे नाहीच मुळी."

"आमच्याकडे हेच आहे."

डब्याच्या सुट्टीत मी बारापैकी अकरा कार्डं टेबलावर मांडली. कोणी हात लावेना. वहीत नाव गेलेल्या बायका त्या. मी म्हटलं, "चूक माझी होती. नावं वाचली, गाणी ऐकली नाहीत. आता मी काही सांगत नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका, सुनेवर ठेवू नका. कार्ड घरी न्या, घड्याळासमोर ठेवा आणि स्वतः मोजा. दोनशेदहा मिनिटं भरली नाहीत तर कार्ड माझ्या तोंडावर फेका."

"आणि वाजवायचं कशात?" ठेंगणीने विचारलं. "आमच्याकडे कुठे तुझ्यासारखं डबडं आहे?"

"घरात शोधा. कोणाच्या घरी जुनं डबडं नाही?"

आठवड्याची सुट्टी झाली आणि बायका परत आल्या. एकीने मुलाचं कॉलेजातलं यंत्र आणलं, त्याचं अर्धं बटण चिकटपट्टीने धरलेलं. एकीने पडद्याला तडा गेलेला, सिम नसलेला फोन आणायची तयारी दाखवली. "फोन नको," मी म्हटलं, "साहेबांना फोनचं निमित्त मिळेल." मग तिने भावाचा रेडिओ आणला, त्यातही कार्डाची फट होती. ठेंगणीने पोराचं प्लास्टिकचं बदक आणलं. बदकाच्या पोटात कार्ड घालायचं, इयरफोन खुपसायचा आणि शेपटी दाबायची. बायका हसून हसून लोळायच्या बाकी होत्या.

सासूबाई सगळ्यात शेवटी आली. तिने एप्रनच्या खिशातून कागद काढला. पंचेचाळीस गाण्यांपुढे पंचेचाळीस वेळा, मिनिटं आणि सेकंद. "भिंतीवरचं घड्याळ काढून मांडीवर घेऊन बसले होते," ती म्हणाली. "दोनदा मोजलं. दोनशेदहा मिनिटं आणि चार सेकंद. मावशी, चार सेकंद जास्त आहेत."

"ते साहेबांना सोडले," मी म्हटलं.

त्या दिवशी भिंतीवर काही नव्हतं. खिळा आणि डाग. केस झाकायच्या टोप्या आम्हाला घालाव्याच लागतात, त्या कानांवरून खाली येतात. टोपीखाली एका कानात इयरफोनचं एकच बोंडूक, वायर मानेमागून पाठीवर, यंत्र एप्रनच्या खिशात. दुसरा कान रोलरसाठी आणि एकमेकींसाठी मोकळा. साडेबाराची घंटा झाली आणि बारा खिशांत बारा बोटं दाबली गेली. कॉलरसाहेब तीनदा चक्कर मारून गेले. हॉलमध्ये गाणं नव्हतं, ते खूश दिसले. फक्त एकदा नवराबायकोचं भांडण लागलं तेव्हा बाराही जणी एकाच ठिकाणी हसल्या, आणि ते अख्खे वळून बघायला लागले.

कापलेली सहाही गाणी आज पुरी आली. तिसरं कडवं आलं तेव्हा पलीकडच्या रोलरवर सासूबाईने मान डोलावली. बासरी आली तेव्हा ठेंगणीने माझ्याकडे बघितलं.

सायकलवालं संपलं तेव्हा बारा यंत्रांत दोन-तीन सेकंदांचा फरक असेल. त्यामुळे रोलर एकदम नाही, एकामागोमाग बंद पडले. एक, दोन, तीन, चार. शेवटची चादर आम्ही पूर्ण बाहेर काढून घेतली, घडी घातली आणि गठ्ठ्यावर ठेवली. अर्धवट काम सोडलं असं कोणी म्हणायला नको.

रोलर बंद झाल्यावर हॉलमध्ये जी शांतता होते ती साहेबांच्या खोलीपर्यंत जाते. ते आले.

"काय झालं? वीज गेली?"

"चार वाजले, साहेब."

"घंटा झाली नाही."

"मग वाजवा की."

त्यांनी भिंतीकडे बघितलं. खिळा रिकामा. मग ठेंगणीने खिशातून बदक काढून घडीच्या टेबलावर ठेवलं. तिच्यामागून एकेकीने आपापलं काढलं. चिकटपट्टीवालं, रेडिओ, लाल, निळं, एक तर नुसतं रबरबँडने बांधलेलं. बारा यंत्रं इस्त्रीच्या चादरींशेजारी ओळीने.

"हे सगळं... मी बंदी घातली होती."

"भिंतीवर बंदी घातली होती," मी म्हटलं. "भिंत मोकळी आहे."

"मागच्या वेळी काय झालं ते विसरलात वाटतं, मावशी. सगळ्यांची नावं वहीत आहेत. पुन्हा झालं तर काय, ते मी सांगितलं होतं."

मला ती नोकरी हवी होती. पण सासूबाई माझ्या पुढे येऊन उभी राहिली, हातात तो मोजलेल्या सेकंदांचा कागद. "मागच्या वेळी तुम्ही घड्याळ लगेच काढलं होतंत. आज काढा की."

त्यांचा हात खिशाकडे गेला. तिथेच राहिला. आम्ही बाराही जणी त्या हाताकडे बघत होतो. घड्याळ बाहेर आलं नाही.

"मी सगळ्यांची नावं लिहीन," ते म्हणाले.

"लिहा," मी म्हटलं. "नावांपुढे वेळ पण लिहा. किती वाजता रोलर बंद झाले आणि किती वाजता तुम्ही घंटा दिलीत. वही इथे आणा आणि आमच्यासमोर लिहा. आता मला वाचता येतं."

ते अख्खे वळले आणि खोलीत गेले. आम्ही वाट बघत थांबलो नाही. नळाशी गेलो. माझे हात कोपरापर्यंत साबणाने भरलेले असताना घंटा झाली. लांबलचक, दाबून धरलेली.

ठेंगणी म्हणाली, "आता ही कोणासाठी?"

वही आली नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. दुसऱ्या दिवशी बायका पुन्हा कानात बोंडूक घालून उभ्या होत्या, कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. सायकलवाला अजून घरी पोचायचा होता, अर्धं कडवं बाकी होतं, आणि घंटा झाली. साहेबांचं घड्याळ की घाई, कोण जाणे. आम्ही रोलर बंद केले. कोणी नळाकडे पळेल म्हणून सासूबाईने हात आडवा केला.

"थांबा गं. संपू द्या."

आम्ही बाराही जणी बंद रोलरपाशी उभ्या राहून ते अर्धं कडवं ऐकलं. साहेब किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभे होते. आमचं झाल्याशिवाय त्यांना कुलूप लावता येत नव्हतं.